वाढदिवसाचं वचन

“खरं तर ही गोष्ट सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीच,” नूपुर म्हणाली. “नंतर कधीतरी कोणी ती शुभवर्तमानात घातली.”

सहज बोलून गेली ती. बायबलच्या अभ्यासाचं दुसरं वर्ष, कॉलेजात परवाच हा भाग शिकवून झालेला, आणि आज कोलकात्यात, बेहालातल्या तिच्या घरी जमलेल्या मराठी ख्रिस्ती मंडळींपुढे चार शब्द बोलायची पहिलीच संधी. शहाणपण नुसतं उतू चाललं होतं.

आज हेमामावशीचा वाढदिवस होता. ज्याचा वाढदिवस त्याने वचन निवडायचं, ही या घरगुती प्रार्थनेची रीत. हेमामावशी दरवर्षी हेच निवडायची: व्यभिचारात धरलेली बाई, तिला मारायला दगड घेऊन आलेले लोक, आणि तिला दोषी न ठरवता जाऊ देणारा येशू. एके काळी नवऱ्याला सोडून हेमामावशी शहरातच खिदिरपूरला दुसऱ्या माणसाबरोबर राहत होती, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती परतली तेव्हा याच वचनाच्या आधारे तिला पुन्हा मंडळीत घेतलं होतं. नूपुरलाही ते माहीत होतं. बोलताना नेमकं तेवढंच डोक्यात आलं नाही.

हेमामावशीच्या हातातली पायेसची, म्हणजे बंगाली खिरीची, वाटी तशीच राहिली. “म्हणजे, प्रभू तसं बोललाच नाही?”

“तसं नाही गं मावशी... म्हणजे, पुरावा नाही.”

“बघा,” मंडळीतले सगळ्यात जुने भालचंद्रकाका घसा खाकरत म्हणाले. “मी तेव्हाच म्हणत होतो, आपण घाई करतोय.”

काका इतकी वर्षं हे मनात धरून बसले होते, आणि त्यांच्या हातात कोलीत नूपुरनेच दिलं होतं. तिची आई शकुन “अहो भालचंद्रराव!” एवढंच म्हणू शकली. बाकी सगळे हेमामावशीकडे बघत राहिले.

हेमामावशीने वाटी खाली ठेवली, पदर सावरला. “येते मी, शकुन.”

नूपुर तिच्यामागे जिन्यापर्यंत धावली. “मावशी, थांब ना. परीक्षेत मला हेच लिहावं लागेल. ते खोटं नाहीये.”

“मी कुठे खोटं म्हटलं?” चपला घालता घालता हेमामावशीने वर पाहिलं. “पण तू? तू मानतेस का, प्रभू तसं बोलला असं?”

वर्गात हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. नूपुरला रडूच फुटलं. “मानते. माझं काही चुकलं ना, की मी हेच वचन म्हणते. तेव्हा कुठे झोप लागते मला.”

“मग ते आधी सांगायचं होतंस,” हेमामावशी म्हणाली आणि कठडा धरून सावकाश जिना उतरू लागली.