चादरीची घडी

अंथरुणाची घडी घालायला शिकवता शिकवता भिकुबाई म्हातारी झाली, पण चाळिशीच्या लोटनच्या डोक्यात ते काही शिरलं नाही. पुढे त्याला आवरणं तिच्या हातापायांना झेपेना, तेव्हा रडत रडतच तिने त्याला धुळ्याच्या मतिमंदांच्या निवासगृहात आणून सोडलं.

आज ती भेटायला आली, तर नेमकी सरकारी तपासणी चाललेली. खाटाखाटांवर नव्याकोऱ्या चादरी, लोटनच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. तपासणीच्या मॅडमनी विचारलं, "आजी, मुलाला नीट सांभाळतात ना?"

"बठ्ठं चांगलं शे, ताई," म्हणत तिने कागदावर अंगठा उठवला.

मॅडमची गाडी फाटकाबाहेर पडली. तसं कोणी न सांगताच लोटनने कोपऱ्याला कोपरा जुळवून चादरीची घडी घातली आणि शिपायाच्या हातात दिली.

"मना लोटन शिकना वं माय!" शाईचा अंगठा पदराला पुसत भिकुबाई हरखून म्हणाली.



मग लोटनने खाटेखालची दोरी काढली, तीही शिपायाला दिली आणि बांधून घ्यायला पाय पुढे केला.