आगाऊ विलाप

"मेल्यावर मला काय ऐकू येणार? माझं विलापगीत आत्ताच गा," अंथरुणाला खिळलेला म्हातारा कोलम म्हणाला. त्या आयरिश बेटावरच्या प्रत्येक मयताला गाणाऱ्या सोर्चाने केस मोकळे सोडून सूर लावला.

"अरे माझ्या शूर नावाड्या, वादळाला न भिणाऱ्या..."

"खोटं! चळाचळा कापायचो मी."

"गप्प पड! मेलेली माणसं मध्ये बोलत नाहीत." तिने पुढची ओळ घेतली, "साऱ्या पोरींना नाचवणाऱ्या..." आणि थांबली. "मला मात्र तू कधीच विचारलं नाहीस."

"तू नाही म्हणशील याची भीती वाटायची," कोलम पुटपुटला.

शेकडो मयतांवर रडलेल्या सोर्चाने मोकळे केस गोळा करून अंबाडा बांधला.

"पुढचं गा ना."

"जा, नाही गात," डोळे पुसत ती म्हणाली. "रविवारी नाच आहे. आधी ऊठ, सूप पी."

कोलमने पांघरूण बाजूला सारलं.