जावईबापू आणि बारा खिडक्या

"हलली! सर, तीन नंबरची हलली!"

प्रयोगशाळेतली सहायिका अशी ताडकन उठली, की तिची खुर्ची मागच्या कपाटावर जाऊन आपटली. संगणकाच्या पडद्यावरच्या खिडकीत तिसऱ्या बशीतला पेशींचा पुंजका आकसला, सैल पडला, पुन्हा आकसला. हृदयाच्या पेशी होत्या त्या, बशीत वाढवलेल्या. दोन वर्षं सगळे त्यांच्या पहिल्या ठोक्यासाठी डोळ्यांत तेल घालून बसले होते. आणि आज दुपारी एकला सगळ्या बशा फेकायच्या होत्या. त्या ज्या ऊबदार पेटीत वाढत होत्या, ती टेबलावरची उबपेटी दुसऱ्या गटाला मिळाली होती.

सर चष्मा कपाळावर चढवून वाकले. "टेबल हललं असेल. केवढी उडी मारलीस!"

"उडी नंतर मारली, सर!"

"बरं, बाराही उघड. ही एकटीच हलत असेल तर ठोका. सगळ्या हलल्या तर टेबल."

प्रत्येक बशीवर कॅमेरा होता, पण एका वेळी एकच खिडकी उघडायची असा दंडक होता. संगणक जुना. दुसरी खिडकी उघडली, की त्याचा रुसवा सुरू. म्हणून त्याचं नाव जावईबापू. ती रोज एकेक खिडकी उघडायची, फोटो काढायची आणि मिटायची. फोटोत ठोका कसला दिसतोय! आज जावईबापू अडून बसले, तिसरी मिटेचना, म्हणून ती बघत बसली होती.

आता ती त्यांची मनधरणी करत एकेक खिडकी उघडू लागली. चार-चारच्या तीन ओळी. तिला मजाही वाटत होती.

"कुणी जागचं हलू नका!" सर ओरडले. पंखा बंद झाला. काचा धुणाऱ्या मावशी ओली बाटली धरून तशाच उभ्या राहिल्या.

बारावी उघडली. बाराही हलत होत्या.

"टेबलच," सर हळूच म्हणाले. "चल, बशा काढायला घे."

ती उठली नाही. पडद्याला नाक लागेल इतकी वाकून बघत राहिली. मग तिनं चक्क सरांची बाही ओढली.

"टेबल एकच आहे ना, सर? मग ही आकसते तेव्हा शेजारची सैल का पडते? नीट बघा. बाराही जणी आपापल्या ठोक्यानं चालल्यात!"