चार गोळ्यांचा भाव

"बाबा गेले, आता ही कोण वापरणार? आजच भाव सांगा, गिऱ्हाईक तयार आहे," म्हणत भावाने रायफल बंदूकवाल्याच्या काउंटरवर आपटलीच. वडिलांनी नेमबाजीसाठी मुद्दाम घडवून घेतलेली ती रायफल बहिणीने झटकन सावरली.

"दादा, हळू! आणि मला नाही विकायची."

"तुला विचारलंय कोणी?"

अशी भांडणं बंदूकवाल्याला नवी नव्हती. तो म्हणाला, "भाव नळीवर ठरतो. चार गोळ्या मारून बघू. कोण मारतंय?"

"हीच मारेल. बाबांनी हिलाच तर डोक्यावर चढवून ठेवलं होतं!"

दुकानामागच्या बोळात निशाणाचा कागद टांगला. बहीण पालथी पडली, गाल दस्त्याला टेकवला आणि इतकी स्थिर झाली की बंदूकवाल्याचाच श्वास अडकला. चार बार झाले.

कागद हातात आला. मधला काळा गोल कोराच. चार कोपऱ्यांत चार भोकं.

भावाने कपाळावर हात मारला. "एक तरी लागायची की गं! काय हो, काही पैसे येतील का या रायफलीचे?"

बंदूकवाल्याने कागदाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. ती ओठ घट्ट मिटून त्याच्यावर नजर रोखून उभी होती.

"नळी कामातून गेलीय," तो म्हणाला. "भंगारवालाच घेईल."

"घे, सांभाळ तुझं लोढणं!" भाऊ तणतणत निघून गेला.

त्याची गाडी वळल्यावर बंदूकवाल्याने कागदाची घडी घालून तिच्या हातात ठेवली.

"ताई, पुढच्या वेळी नेम चुकवायचा असेल ना, तर इतका मोजूनमापून चुकवू नका."