बनुबाईच्या माश्या

जाळी तुम्ही नेलीत, ठेकेदारसाहेब. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोंबून नेलीत, हातात कागदाचा तुकडाही दिला नाहीत, आणि जाताना देवळाच्या भिंतीवर नोटीस डकवलीत: ठेक्याच्या पाण्यात जाळे टाकण्यास सक्त मनाई. गळाचं नाव त्या नोटिशीत कुठेच नव्हतं. तरी महिना व्हायच्या आत तुमचा माणूस धरणाच्या फुगवट्याला, बनुबाईच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

माणूस म्हणजे पंकज, तुमच्या ऑफिसातला कारकून. बूट चिखलात बरबटलेले, हातात मोबाईल. रेंज सापडेना म्हणून या दगडावरून त्या दगडावर उड्या मारत होता.

बनुबाई बाभळीखाली बसली होती. पुढ्यात पकड. पकडीच्या दांड्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर करकचून बांधलेलं, तिच्या चोचीत उभा धरलेला गळ. कोल्ड्रिंकच्या नळीतून ओवलेला दोरा ती गळाभोवती भराभर फिरवत होती. पीस बसलं, गाठ बसली, गाठीवर नेलपॉलिशचा लाल थेंब पडला. झाली माशी. खोटी, पण चिलापी माशाला खरी वाटणारी.

पुण्याहून गळ टाकायला आलेल्या कुणा हौशी माणसाची असली एक माशी झुडपात अडकून राहिली होती. जुना ब्लाउज उसवून माप काढतात तशी बनुबाईनं ती सुईनं उसवली आणि घरात होतं त्यातून परत बांधली. पहिल्या चार बुडाल्या. पाचवीला तिनं मेणबत्ती घासली, ती तरंगली. आता डब्यात बत्तीस होत्या. गळ तेवढे शेवगावच्या बाजारातले, बाकी सगळं घरचं. काट्याकुट्यात अडकून रोज दोन-तीन जायच्याच. डबा गेला तर पाण्यात उभ्या नवऱ्याच्या हातात नुसता वेळू उरणार होता. आणि घरात चूल पेटायची ती त्या वेळूवरच.

"मावशी, डबा द्या. साहित्य जमा करायचंय."

"नोटिशीत जाळं म्हणलंय. हे जाळं हाय का?"

"साहेब म्हणले, ठेक्याच्या पाण्यात कुनाचंच साहित्य नको."

"अन ते पुन्याचे गाड्या घिऊन येत्यात, ते?"

"त्यांची हौस हाय. हौसेला सूट हाय."

"मंग आमची बी हौसच हाय की. दोन टायमाला जेवायची."

गुडघाभर पाण्यातून तिचा नवरा आसाराम ओरडला, "लिव्ह रं बाबा! लई जुनी हौस हाय म्हनावं!" आणि काठी फिरवून त्यानं माशी पुन्हा पाण्यावर फेकली.

पंकजला हसू आलं होतं. ते त्यानं तिथंच दाबलं आणि मोबाईलमधला तुमचा फॉर्म उघडला. साहित्याचा प्रकार: जाळे, होडी, तराफा, इतर. त्यानं 'इतर' दाबलं. पुढचा रकाना आला: कशापासून बनवले, कोठून घेतले. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना.

"हे तांबडं काय?"

"कोंबड्याच्या मानंचं पीस. घरचाच कोंबडा. जिता हाय, इचारा त्याला."

"चमकतंय ते?"

"माझ्या लग्नातल्या शालूची जर."

"आन हे चंदेरी?"

"वेफरच्या पुड्याची आतली बाजू. तुमचेच पावने खाऊन टाकत्यात हितं."

"आन माशीच्या पोटाला?"

"नातीच्या टोपड्याची लोकर. बसंना तिला आता."

पंकज टाइप करत होता, खोडत होता, परत टाइप करत होता. "कुठून घेतलं, त्याचं बिल लागतंय मावशी."

"कशाचं बिल? कोंबड्याचं?"

तेवढ्यात मोबाईल वाजला. फोन तुमचा. रेंज अर्धवट होती म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"एक डबा उचलायला एवढा वेळ? बाई आडवी येतीय का? फोटो काढ, यादी कर, घेऊन ये."

"एकच राहिलंय साहेब," पंकज म्हणाला. त्यानं पकडीतली माशी बोटानं हळूच वाकवून पाहिली. गळ्याखाली बारीक काळी दाढी होती, वाऱ्यानं हलत होती. "हे काळं कशाचं, मावशी? शेळीचं?"

बनुबाईचा हात पहिल्यांदा थांबला. तिनं पदर खाली घेतला. भांगाच्या कडेला पांढरं दिसत होतं, बाकी काळं.

"माझे केस हायेत. सकाळी फनीत निघत्यात ते. केसावर भांडी देनारी येती, तिला यंदा दिलं न्हाईत. भिंतीच्या फटीत गुंता ठिवला आन त्यातलं वापरलं. लिवा. बनुबाईचे केस, बनुबाईच्या डोक्यावरनं घेतले, बिल न्हाई."

पंकजनं 'केस' टाइप केलं आणि खोडलं.

"काय? काय म्हणतीय ती?" तुम्ही विचारलंत.

बनुबाई उठली. चिखलातून चालत त्याच्यापाशी आली आणि मोबाईलवर वाकली, विहिरीत वाकून हाक मारावी तशी.

"सायेब, म्या बोलतीय. पानी ठेक्यानं गेलं, ठावं हाय मला. माझ्या डोक्याचं केस कवा गेलं ठेक्यात? त्याच्यावर सही कुनी केली?"

स्पीकरमधून खरखर येत राहिली. फोन कट झाला नव्हता. पंकजनं दोनदा बघितलं, सेकंद पुढे सरकत होते.

तुम्ही ऐकताय. तिनं नाव विचारलंय. सांगा.