दोन माणसांची पिकअप

“दोनच माणसं,” कौतिक म्हणाला. “तिसरं बसलं की स्प्रिंग गेली.”

हे त्याने चेहरा अगदी सरळ ठेवून सांगितलं. स्प्रिंगला काहीही झालेलं नव्हतं. ह्याच पिकअपमधून घेवरचंद शेठांच्या मिलचे तेलाचे डबे वर्षानुवर्षं अमळनेरहून धुळ्याला गेले होते, आणि डबे काही हवेने भरलेले नव्हते. पण घरच्या मंडळींनी उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर सहलीला जायचं म्हणून शेव-मुरमुऱ्याची पिशवीसुद्धा बांधून ठेवली होती. काहीतरी तांत्रिक बोलणं भाग होतं.

मंडळी म्हणजे आबा, माय, कौतिकचे भाऊ, भावजया, त्यांची पोरं आणि एक आत्या. आत्या दिवाळीला आली होती. कोणत्या दिवाळीला, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. खोल्या दोन. रात्री एकाने कूस बदलली की भिंतीपर्यंत सगळ्यांना बदलावी लागे.

कौतिक आणि इंदिरा ह्यांचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. दोघांना एकमेकांशी बोलायचं असे. एकांत मिळावा म्हणून ती दोघं दळणाचा डबा घेऊन पिठाच्या गिरणीत जात. तिथे त्यांचं बोलणं कुणालाही ऐकू येत नसे. त्यांनाही येत नसे.

मग एकदा न्हाव्याच्या दुकानात कौतिकने इंग्रजी मासिकात एक चित्र पाहिलं. जंगलात एक छोटा ट्रक उभा. मागचा फाळका खाली पाडलेला, त्यावर स्टोव्ह, आणि शेजारी एक गोरं जोडपं चहा पीत बसलेलं. आसपास दुसरं माणूस नाही. तिथे वाघ असू शकतो, हे कौतिकच्या लक्षात आलं. पण वाघ काही मध्येच येऊन ‘काय चाललंय रे तुमचं?’ असं विचारत नाही.

शेठांची जुनी मॉरिस पिकअप मिलच्या मागे बाभळीखाली पडून होती. बॉनेटमधून एरंडाचं झाड वर आलं होतं. कौतिक त्याच मिलमध्ये फिटर. शेठ म्हणाले, “ओढून ने. झाडही तुझंच.”

दीड वर्षाचे सगळे रविवार त्यात गेले. पिस्टनला नव्या रिंगा बसल्या, रेडिएटर झाळला गेला, सडलेल्या तळाच्या जागी लाकडी फळ्या आल्या. लोखंडी कमानींवर ताडपत्रीचं छत चढलं. झोपायला एक फळी झाली, ती दिवसा उचलून भिंतीला लावता येई. इंदिराने पडदे शिवले.

आणि ह्या सगळ्या काळात आबा अंगणात बाजेवर बसून खोट काढत राहिले. आबांनी जन्मभर शेठांचा मोठा ट्रक चालवला होता, तेव्हा त्यांना तो हक्क होता.

“फळी अरुंद शे,” आबा म्हणाले. कौतिकने ती रुंद केली.

“पडदा पातळ शे.” इंदिराने दुहेरी केला.

“आतून कडी कोठे शे?”

कौतिकने दात-ओठ खात कडीही बसवली. म्हाताऱ्याला पिकअप आवडली नाही, अशी त्याची खात्री झाली होती.

स्प्रिंगची बातमी मात्र घराने निमूट मानली. फिटरच्या बोलण्याला मान होता. पिशवीतले शेव-मुरमुरे मंडळींनी दुःखाने तिथेच खाऊन टाकले. इंदिराने रात्रीत दशम्या केल्या. सकाळी कौतिक वळकटी काखेत मारून अंगणात आला.

स्टिअरिंगवर आबा होते. डोक्यावर धुतलेली टोपी. शेजारी माय, ठेवणीतलं लुगडं नेसून. मांडीवर दशम्यांचं गाठोडं.

“आबा, हे काय?”

“तूच तं सांगं ना, दोनच मानसे,” आबा म्हणाले. “मंग घरमा मोठं कोन शे?”

कौतिकने आशेने मायकडे पाहिलं. मायने पदर सारखा केला आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, “चाळीस वरीस व्हयनात लगीनले, भाऊ. तुना बाप कायम गाडीवर, मी घरमा. त्यानासंगे बोलनं ऱ्हाईच गयं.”

कौतिकने भोवती उभ्या असलेल्या आपल्या भावांकडे पाहिलं. पुरावा मायच्या विरुद्ध होता आणि तो दात घासत होता. पण इंदिराने मान हलवली. तिला मायचं म्हणणं पटलं होतं. कौतिकने वळकटी मागे ठेवली आणि मुकाट्याने आबांना चोक दाखवला. आबांनी तो आपल्याला माहीत असल्याचं सांगितलं.

आबांनी स्टार्टर दाबला. पिकअप खोकली आणि गप्प झाली. पुन्हा खोकली.

“धक्का द्या रे!” आबा ओरडले.

सगळं घर धावलं. भाऊ धावले, भावजयांनी पदर खोचले, पोरं फाळक्याला लोंबकळली, आत्याने काठी टाकून दोन्ही हात लावले. गल्लीतले शेजारीही आले. पिकअप हलली. कौतिक पुढे झाला, तोच मागून कुणीतरी त्याचा सदरा धरला.

“तुम्ही थांबा,” इंदिरा म्हणाली.

ढकलणाऱ्यांच्या आरोळ्यांसह पिकअप गल्लीच्या कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली. कौतिक मागे वळला. दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. मोरीत पाणी ठिबकत होतं, ते ऐकू येत होतं. इंदिरा आत गेली आणि दार धरून उभी राहिली.

ज्या इंजिनापायी दीड वर्ष हात काळे केले होते, ते निदान बाजारपेठेपर्यंत तरी सुरू होऊ नये, म्हणून कौतिकने देवाला मनापासून हात जोडले.