सरावात विरलेलं हसू

शिकवणीत मुक्ताने मनगटाला भावना मोजणाऱ्या यंत्राचा पट्टा बांधला आणि कॉलेजसाठीचा प्रवेश-निबंध पुन्हा वाचला. तिचे वारलेले बाबा एकदा भलत्याच लग्नात आहेर करून, पोटभर जेवून आले होते, ती गंमत तिने त्यात लिहिली होती. पहिल्या सरावाला ती हसता हसता रडली होती आणि यंत्राने ‘अस्सल’ म्हणून हिरवा दिवा लावला होता.

आज दिवा लाल राहिला.

“सर, खरंच घडलंय हो हे!”

“घडलं असेल गं. पण वाचून वाचून तुला आता काहीच वाटत नाही, आणि यंत्र तेवढंच मोजतं. दुसरं माणूस घे. आई आहे ना? तिची एखादी फजिती?”

बाहेर बाकावर आई डबा घेऊन बसली होती. मुक्ताने पट्टा सोडला.

“आई नको, सर. ती मला अजून हवी आहे.”